टिगचा सांधा आतून काळा पडतोय? सॅनिटरी पाइपमधली ‘साखर’ शोधायचा क्रम

दूध, आइस्क्रीम, कोकम सिरप, बिअर, मासळी, माल कुठलाही असू दे. गोव्यात फोंडा, कुंडई, वेर्णा या भागात स्टेनलेसच्या लाइनींच्या टिग वेल्डिंगसाठी (टंगस्टनचं टोक आणि आर्गॉन गॅस वापरून केलेलं वेल्डिंग) मला जी बोलावणी येतात, त्यांतली बरीचशी या एकाच दोषाची असतात. पावसाळ्यात तर हटकून. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. तपासणीचा क्रम फुकटापासून महागाकडे जातो आणि तो तसाच पाळा. नवीन मशीन घ्यायला निघालेल्या मालकाला मी आधी शेडमधला पंखा बंद करायला सांगतो, आणि बऱ्याचदा मशीनचा खर्च तिथेच वाचतो.

काय दिसतं

बाहेरून सांध्याला नाव ठेवायला जागा नसते. एकसारख्या लहरी, फिकट सोनेरी रंग, वेल्डर खूश. फेरूलच्या, म्हणजे टोकाला बसवलेल्या जोडकड्याच्या, तोंडातून बोट आत घातलं की मात्र खरखर लागते. बॅटरी मारून बघितलं तर करड्या-काळ्या कणांची फुगलेली कड दिसते, जळलेल्या साखरेसारखी. म्हणून वेल्डर म्हणतात ‘साखर धरली’.

कधी खरखर नसते, पण सांध्याच्या दोन्ही बाजूंना आत निळा-जांभळा पट्टा असतो. कधी पूर्ण वर्तुळ चांगलं आणि एकाच जागी वाटाण्याएवढा काळा डाग. कधी शेवटचा सेंटिमीटर बंद करताना ‘फट्’ असा आवाज येऊन वितळलेल्या धातूच्या डबक्यात भोक पडतं. आणि कधी सांधा करताना काहीच कळत नाही. लाइन सुरू होऊन काही महिने गेले की सीआयपी (लाइन न खोलता आतून केलेली धुलाई) झाल्यावरही आंबूस वास राहतो, क्वालिटीवाल्यांचा स्वॅब त्याच सांध्यापाशी नापास होतो, बाहेर सुईच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका येतो आणि तिथून पाझर लागतो.

कुठली बाजू खराब आहे यावरून अर्धं निदान होतं. बाहेरची बाजू करडी आणि टंगस्टनचं टोक निळं-काळं असेल तर दोष वेल्डिंग टॉर्चच्या बाजूला. बाहेर चकचकीत आणि आत काळं असेल तर दोष पर्जच्या, म्हणजे पाइपच्या आत सोडलेल्या आर्गॉनच्या बाजूला. दोन्हीकडे खराब असेल तर जे दोघांना समाईक आहे तिथे बघा: गॅसचा बाटला, रेग्युलेटर, ओल. एवढं न बघता थेट करंट कमी-जास्त करत बसणारे पुष्कळ भेटतात. आतली साखर ही करंटची तक्रार नाही, हवेची आहे. वितळलेल्या धातूपर्यंत ऑक्सिजन पोचला म्हणून ती झाली. तो कुठून आला, एवढंच शोधायचं असतं.

मालक विचारतात, आतून काळं असलं तर बिघडलं काय, दाब तर धरतोय. बिघडतं ते असं. स्टेनलेसला गंज लागत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे. ते साधारण साडेदहा टक्क्यांच्या खाली गेलं की पोलाद स्टेनलेस उरत नाही. सांधा तापलेला असताना हवा लागली की क्रोमियम वर येऊन ऑक्साइड होतं आणि त्या रंगीत थराच्या लगेच खालची धातू क्रोमियमला मुकते. मग मिठाचं पाणी, लोणच्याचा खार, मासळीचं पाणी, क्लोरीनचं सॅनिटायझर, कुणीही तिथेच पहिलं भोक पाडतं. आपल्याकडे मिठाला तोटा नाही. दुसरी गोष्ट खरखरीची. दुधाच्या लाइनीचा आतला पृष्ठभाग ०.८ मायक्रॉन आरए (खरखरीचं सरासरी माप) किंवा त्याहून गुळगुळीत लागतो. साखरेच्या कणांमधल्या फटीत धुलाईचं कॉस्टिक पोचत नाही, जंतू मात्र पोचतात.

पहिलं, वारा

शेडमध्ये उकडतं, हेल्पर पंखा लावतो. पंखा वेल्डरच्या पाठीवर असला तरी त्याचा झोत भिंतीवर आपटून सांध्यावर येतो. टॉर्चच्या तोंडावरच्या कपमधून निघणारं आर्गॉनचं कवच फार हलकं असतं, अंगाला जाणवेल एवढी झुळूकही ते फोडते. पावसाळ्यात दोन्ही शटर उघडी ठेवून काम चाललं असेल तरी तेच. अगरबत्ती लावून सांध्याच्या उंचीला धरा. धूर सरळ वर जायला हवा. आडवा गेला तर पंखा बंद, शटर अर्धं खाली आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री.

वाऱ्याचा परिणाम बाहेरच्या बाजूवर दिसतो हे खरं. पण पाइपचं दुसरं टोक उघडं असेल आणि तिकडून वारा शिरत असेल तर आतलं पर्जही विसकटतं. एवढी साधी गोष्ट, पण बाहेरून बोलावलेला माणूस ती सगळ्यात शेवटी बघतो.

दुसरं, बाटला आणि फ्लो

बाटल्यावरचं लेबल वाचा. लेबल नसेल तर तो बाटला परत करा. मिग वेल्डिंगवाल्याचा आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड मिक्स चुकून टिगला लावलेला मी बघितला आहे. सांधा पहिल्या इंचातच काळा पडतो आणि टंगस्टन खलास होतं. सॅनिटरी कामाला ९९.९९९ टक्के शुद्धतेचा आर्गॉन मागा. बाटला तळापर्यंत ओढू नका. गेजवर १०-१५ बार उरले की बदला. दाब उतरला की बाटल्यातल्या ओलाव्याचं प्रमाण गॅसमध्ये वाढत जातं, आणि ते पैसे वाचवून जो सांधा कापावा लागतो तो महाग पडतो.

७ घनमीटरचा बाटला म्हणजे ७,००० लिटर. टॉर्चला मिनिटाला ८ आणि पर्जला १० लिटर धरले तर सतत चालवल्यास साडेसहा तासांत संपतो. रात्रीच्या शटडाउनला एकच बाटला घेऊन गेलात तर पहाटेचे सांधे काळे होणार. दोष शेवटच्या काही सांध्यांतच असेल तर आधी गेज बघा.

आता फ्लो. सांधा काळा आला की पहिली प्रतिक्रिया गॅस वाढवायची असते. मिनिटाला ८ चा १५ केला, १५ चा २० केला. कपच्या मानाने फ्लो जास्त झाला की गॅस घुसळत बाहेर पडतो आणि आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. साध्या कपला ६ ते १० लिटर पुरतात. फ्लोमीटरचा गोळा उड्या मारत असेल तर तो दुरुस्तीला द्या. सिरॅमिक कपला चीर गेली आहे का, गॅस लेन्सच्या जाळीत शिंतोडे अडकलेत का, मागच्या कॅपची ओ-रिंग चपटी झाली आहे का, हे टॉर्च खोलून दोन मिनिटांत कळतं. आणि आर्क बंद झाल्यावर टॉर्च लगेच उचलू नका. आठ-दहा सेकंद तिथेच धरा, टोकाचा लाल रंग जाईपर्यंत.

तिसरं, गळती

साबणाचं पाणी आणि ब्रश, खर्च शून्य. रेग्युलेटरचा नट, वाय-कनेक्टर, फ्लोमीटरच्या मागचा निपल, टॉर्चची जोडणी. बुडबुडे आले तर आवळा किंवा बदला. त्याहून चांगली परीक्षा अशी: टॉर्चचा आणि पर्जचा मार्ग बंद करा, बाटला उघडून दाब भरा, बाटल्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पंधरा मिनिटं गेज बघा. काटा खाली आला तर कुठेतरी गळतं.

लोक म्हणतात, गॅस बाहेर जातो ना, हवा आत कशी येईल? येते. गॅस वेगाने वाहत असताना सैल जोडणीच्या फटीतून हवा आत खेचली जाते. गॅस कटिंगच्या सेटचा काळा रबरी होस तर पर्जला लावूच नका. रबरातून ओलावा आणि ऑक्सिजन हळूहळू आत झिरपत राहतात, होस कितीही घट्ट बसलेला असो. पॉलियुरेथेन किंवा टेफ्लॉनचा नवा होस घ्या, लांबी लागेल तेवढीच ठेवा, आणि तो कुठल्याही दुसऱ्या कामाला वापरू नका.

चौथं, ओल

इथे जरा थांबतो, कारण आपल्या हवेत मला दोषाचं मूळ सर्वांत जास्त वेळा इथेच सापडतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाइप कोरडा दिसतो, पण नसतो. एसी स्टोअरमधून किंवा कोल्ड रूमच्या बाजूने आणलेला पाइप उघड्या शेडमध्ये ठेवला की काही मिनिटांत त्याला आतून-बाहेरून घाम फुटतो. आइस्क्रीमच्या आणि मासळीच्या युनिटमध्ये हे रोजचं. चालू लाइन कापून नवा तुकडा घालायचा असेल तर सीआयपीचं पाणी खालच्या बेंडमध्ये साचलेलं असतंच. आर्क लागली की त्या पाण्याची वाफ होते, वाफेतला ऑक्सिजन सांध्याला काळं करतो आणि हायड्रोजन बारीक छिद्रं पाडतो. पर्ज कितीही वेळ चालू ठेवा, बेंडमध्ये कपभर पाणी असेल तर ते वाफ देतच राहणार.

ओळखायची खूण: सकाळचे पहिले सांधे खराब, दुपारचे बरे, संध्याकाळी पाऊस आला की पुन्हा खराब. असा क्रम दिसला तर मशीनकडे बघूच नका.

उपाय सोपे आहेत, फक्त कंटाळवाणे आहेत. पाइप आणि फिटिंग कामाच्या जागी आदल्या दिवशी आणून ठेवा, म्हणजे त्यांचं तापमान हवेइतकं होतं. टोकांच्या प्लास्टिक कॅप शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. सांध्याच्या दोन्ही बाजूंना आतून-बाहेरून ५० मिलिमीटरपर्यंत अॅसिटोनने पुसा, पांढऱ्या कापडाने, कापड पांढरंच राहीपर्यंत. अॅसिटोन पूर्ण उडाल्याशिवाय आर्क लावू नका, आणि बाटली सांध्यापासून लांब ठेवा. पुसल्यानंतर उघड्या हाताने सांधा धरू नका, घामात मीठ असतं. चालू लाइन असेल तर सगळ्यात खालचा क्लॅम्प सोडून पाणी काढा आणि तेल नसलेली कोरडी हवा फुंका.

एक धोका इथेच सांगतो. क्लोरीन असलेला क्लीनर, उदाहरणार्थ काही ब्रेक क्लीनर, सांध्याजवळ अजिबात नको. आर्कच्या उष्णतेने आणि किरणांनी त्यातून फॉस्जीन तयार होतो. तो विषारी वायू आहे आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस घरी पोचलेला असतो.

पाचवं, टॅक आणि तोंड

पूर्ण वर्तुळ चांगलं आणि एकाच जागी काळा डाग, हा बहुतेक वेळा टॅकचा, म्हणजे तात्पुरत्या टाक्याचा असतो. पाइप जागेवर धरायला चार टॅक मारले, तेव्हा पर्ज चालूच नव्हतं. टॅक छोटा, काय फरक पडतो, असं वाटतं. पण त्या छोट्या टॅकची आतली बाजू साखर धरून बसते आणि वरून नंतर कितीही चांगलं पर्ज केलं तरी ती परत पांढरी होत नाही. असा सांधा हॅकसॉने उभा चिरून बघा. रुंदीला एकसारखी, रुपेरी, सपाट पट्टी. आणि तिच्यात चार ठिकाणी काळे दाणे, बरोबर घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊच्या जागी. वेल्डरला शंभर वेळा सांगण्यापेक्षा तो अर्धा तुकडा त्याच्या हातात द्या. टॅकच्या आधी पूर्ण पर्ज, टॅकनंतरही पर्ज चालूच.

तोंडाचंही तसंच. १.६५ मिलिमीटर जाडीच्या ट्यूबला आपण बऱ्याचदा फिलर (भरायची तार) न घालता, नुसती दोन तोंडं वितळवून जोडतो. त्यासाठी दोन्ही तोंडं काटकोनात आणि एकमेकांना पूर्ण चिकटलेली हवीत. ग्राइंडरने हातानं कापलेल्या पाइपला एका बाजूला फट राहतेच, आणि त्या फटीतून आर्गॉन निसटतो, हवा येते. दोन तोंडं जुळवून मागे दिवा धरा. उजेड दिसला तर पुन्हा फेस करा, म्हणजे तोंड सपाट करा. आतली बर (कापताना उठलेली धार) काढा, पण कड गोल करू नका. गोल केली की तिथेच खाच राहते. स्टेनलेसची चाकं आणि ब्रश वेगळ्या डब्यात ठेवा. लोखंडावर चाललेलं चाक स्टेनलेसवर फिरवलं की लोखंडाचे कण रुततात आणि पहिल्या पावसात बाहेरून गंजाचे ठिपके येतात. मग मालक म्हणतो, पाइप डुप्लिकेट आहे.

फिलर घालणार असाल तर ३०४एल ग्रेडच्या पाइपाला ३०८एलची तार, ३१६एलला ३१६एलची. यापेक्षा जास्त बोलण्यासारखं त्यात काही नाही.

सहावं, पर्जचा वेळ आणि वाट

दोन इंची लाइन चांगली येते आणि त्याच वेल्डरची चार इंची काळी येते, ही तक्रार मला वारंवार ऐकू येते. वेल्डर तोच, मशीन तेच, गॅस तोच. मग फरक कुठे? सवयीत. दोन इंचीला जेवढी मिनिटं थांबायची सवय लागलेली असते तेवढीच चार इंचीला थांबतात.

हिशेब करा. ५०.८ मिलिमीटरची, १.६५ जाडीची ट्यूब आतून ४७.५ मिलिमीटर. एका मीटरमध्ये पावणेदोन लिटरहून थोडी जास्त हवा, सहा मीटरच्या पाइपात साडेदहा लिटर. मिनिटाला १० लिटर सोडले तर एक ‘भरणं’ साधारण एका मिनिटात. १०१.६ ची, २.११ जाडीची ट्यूब घेतली तर सहा मीटरमध्ये जवळजवळ ४५ लिटर, म्हणजे एका भरण्याला साडेचार मिनिटं.

एका भरण्याने हवा निघून जात नाही, आर्गॉन हवेत मिसळत मिसळत तिला बाहेर ढकलतो. पूर्ण मिसळण धरली तर चार भरण्यांनंतरही आत ऑक्सिजन सुमारे ३,८०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) उरतो. सहानंतर ५०० च्या आसपास, आठनंतर ७०. म्हणजे दोन इंचीला आठ-नऊ मिनिटं, चार इंचीला त्याच फ्लोवर अर्ध्या तासाहून जास्त. इतका वेळ आणि गॅस घालवायचा नसेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना आत बंधारा घाला, म्हणजे भरायची जागा हातभर उरते. खाद्य लाइनीत बंधारा पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचाच बरा, नंतर गरम पाण्याने धुतला की जातो. स्पंजचे बोळे घालत असाल तर दोरी बांधून घाला आणि काढताना मोजा. पंपाच्या तोंडाशी सापडलेला स्पंज मी बघितलेला आहे.

टी, बायपास, गेजची नळी, अशा बंद फांद्यांत हवा अडकून राहते. टीचं तिसरं तोंड थोडं सैल ठेवून तिकडूनही गॅस निघू द्या. आर्गॉन हवेपेक्षा जड आहे, सुमारे १.४ पट, म्हणून उभ्या पाइपात तो खालून सोडा आणि वरून बाहेर काढा. उलटं केलंत तर तो मधून ओघळून जातो आणि हवा वर तशीच अडकते. लाइनमध्ये व्हॉल्व्ह असतील तर रबराची सीट काढून ठेवा, नाहीतर तीच जळून आत धूर सोडते.

‘फट्’ आवाज आणि भोक हा याच प्रकरणाचा दुसरा भाग. सांधा उघडा असेतो आर्गॉन फटीतून निघून जातो. शेवटचा सेंटिमीटर राहिला की ती वाट बंद होते आणि दुसऱ्या टोकाचं भोक लहान असेल तर आत दाब चढतो. वितळलेलं डबकं त्या दाबाने बाहेर उडतं. निघायची वाट येण्याच्या वाटेपेक्षा लहान नको. आणि भरून झाल्यावर, वेल्डिंग करताना, फ्लो मिनिटाला ४-५ लिटरवर आणा.

कुणी पाठीमागे फ्लक्सची पेस्ट लावून पर्जशिवाय काम भागवायला सुचवेल. इतर कामांत तिला जागा असेल. दुधाच्या लाइनीत नको, काचेसारखा कण आत चिकटून राहतो आणि कधीतरी सुटतो.

सातवं, मीटर

इथपर्यंत खर्च फारसा नव्हता. आता पर्ज ऑक्सिजन मीटर. तो महाग आहे, पण भाड्याने मिळत असेल तर घ्या आणि सॅनिटरी काम नेहमीचं असेल तर विकतच घ्या. मीटर बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये धरा. वेळ मोजून आठ भरणी झाली तरी आकडा काही शेंवर अडकला असेल, तर गळती किंवा ओल अजून बाकी आहे असं समजून तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यावर परत जा. मीटर नसताना आपण हे नुसत्या अंदाजाने करत असतो.

रंगावरून किती ऑक्सिजन होता हे ओळखायला अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा डी १८.२ हा रंगीत तक्ता आहे. त्यात १० पीपीएमपासून २५,००० पीपीएमपर्यंत दहा नमुने ठेवलेले आहेत. ऑर्डर देतानाच गिऱ्हाइकाशी ठरवा की कितव्या नंबरपर्यंतचा रंग चालेल. नंतरचा निम्मा वाद तिथेच मिटतो. मी स्वतः फिक्या गवती रंगापर्यंत सांधा पास करतो. निळा दिसला की विचारतो, काळा दिसला की कापतो.

आठवं, पाइपच संशयास्पद असेल तर

गॅस ठीक, ओल नाही, मीटर ५० च्या खाली, तरी सांध्याची आतली पट्टी एका बाजूला सरकलेली आणि दुसरीकडे न वितळलेली रेघ दिसते. हात वाकडा चालला, असं म्हणून वेल्डरला दोष देतात. दोन्ही तुकड्यांची मिल टेस्ट सर्टिफिकेटं (धातूत काय किती आहे याचा कारखान्याचा दाखला) काढा आणि गंधकाचा आकडा बघा. पाइप एका मिलचा आणि बेंड दुसऱ्याचा असेल, एकात गंधक ०.००३ टक्के आणि दुसऱ्यात ०.०१५, तर डबकं कमी गंधकाच्या बाजूला पळतं आणि जास्त गंधकाची बाजू कोरडी राहते. टंगस्टन थोडं जास्त गंधकाच्या बाजूला धरून हे सांभाळता येतं, पण खरेदीतच ०.००५ ते ०.०१७ टक्के मागावं हे बरं.

दुसरा संशय ग्रेडचा. चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४, हे खरं नाही. २०१ ग्रेडलाही चुंबक फारसं चिकटत नाही आणि ते कमी भावात ३०४ म्हणून विकलं जातं. त्यात निकेल कमी असतं, मिठापुढे ते टिकत नाही. एक्स-रे गनने धातू तपासून देणाऱ्या एजन्सी असतात. पाच मिनिटांचं काम आहे. मिठाच्या पाण्याची लाइन असेल तर ३०४ही नको, ३१६एलच घ्या, त्यातल्या दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनममुळे ते तग धरतं.

जो सांधा काळा झाला त्याचं काय

वरून पुन्हा आर्क फिरवून आतली साखर जात नाही, वाढते. हात पोचेल अशा टोकाशी असेल तर पॉलिश करून, मग पिकलिंग (आम्लाने काळा थर काढणं) आणि पॅसिव्हेशन (क्रोमियमचा संरक्षक थर पुन्हा बसवणं) करून वाचवता येतो. हात पोचत नसेल तर दोन्ही बाजूंनी कापा आणि मध्ये नवा तुकडा घाला. एका सांध्याचे दोन होतात, पण ते चांगले होतात. चतुर्थीच्या आधी दूध-मिठाईची मागणी वाढलेली असताना शटडाउनची एकच रात्र मिळते आणि मालक म्हणतो, आता राहू दे, नंतर बघू. राहू द्यायचं असेल तर त्या सांध्यावर बाहेरून खूण करा आणि क्वालिटीवाल्यांना लेखी कळवा.

कुठे थांबायचं

खालच्या गोष्टींना हात लावू नका, माणूस बोलवा.

टाकीच्या आत किंवा बंद खोलीत वेल्डिंग. आर्गॉनला वास नाही, रंग नाही, तो खाली साचतो. ऑक्सिजन फार उतरलेल्या जागी एक-दोन श्वासांत शुद्ध जाते आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही. गॅस मीटर, परमिट, बाहेर उभा राहणारा माणूस हे सगळं असलेली टीमच ते काम करेल. पर्जचा बाहेर पडणारा गॅसही बंद कोल्ड रूममध्ये सोडू नका, होस लावून बाहेर काढा.

पिकलिंग पेस्ट. तिच्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते कातडीतून हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ नसेल, हातमोजे आणि फेसशील्ड नसेल, आणि धुतलेलं पाणी कुठे जाणार हे ठरलेलं नसेल, तर ते काम बाहेरच्या एजन्सीला द्या.

वाफेची लाइन. त्याच शेडमधून जाते म्हणून तुमचा डेअरीचा वेल्डर तिला हात लावतो. आयबीआरखाली (बॉयलरच्या भारतीय नियमांखाली) येणाऱ्या वाफेच्या पाइपाला त्याच कामाची परीक्षा दिलेला वेल्डर आणि बॉयलर निरीक्षकाची मंजुरी लागते. कोल्ड स्टोअरेजच्या अमोनिया लाइनीचंही तसंच, तिथे रेफ्रिजरेशनवाला हवा.

सांध्याला किंवा शेजारच्या पट्टीला तडा दिसला तरी थांबा. वरून भरून तो जात नाही. तडा ताणामुळे गेला, क्लोराइडमुळे गेला की धातूच चुकीची आहे, हे प्रयोगशाळेत तुकडा देऊनच कळतं. आणि वरची आठही पायऱ्या करून लागोपाठचे सांधे काळेच येत असतील तर हाताने करण्याचा हट्ट सोडा. एकसारखे पुष्कळ सांधे असलेल्या कामाला ऑर्बिटल मशीनवाली (पाइपाभोवती टॉर्च आपोआप फिरवणाऱ्या मशीनची) टीम परवडते.

त्या टीमकडून आगाऊ रक्कम देण्याआधी चार गोष्टी मागून घ्या: तुमच्याच पाइपावर केलेला आणि उभा चिरलेला एक नमुना सांधा, प्रत्येक सांध्याच्या आतला बोरोस्कोपचा (पाइपात घालायच्या बारीक कॅमेऱ्याचा) फोटो नंबरासकट, कुठला सांधा कुठे आहे तो नकाशा, आणि पाइप व फिटिंग दोन्हींची मिल सर्टिफिकेटं. नमुना द्यायला कां कूं करणाऱ्याला काम देऊ नका.